पुढच्या पायाचा आवाज

गोलंदाज धावत सुटला की ते डोळे मिटायचे.

मैदानाच्या कडेला बसून सामने पाहणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हे तुम्हांला विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं. इथे बहरीनमध्ये माणूस शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी सनदहून ईसा टाउनला शाळांचे सामने बघायला येतो, घडीची खुर्ची मांडून बसतो आणि ऐन चेंडू पडायच्या वेळी डोळे बंद करतो. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "डोळे भुलतात रे. छान ॲक्शन दिसली की खूश होतात. पुढचा पाय कसा पडतो ते ऐकायचं. चेंडू तिथून निघतो."

ते वसईचे. आमच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं एक्स-रे काढत होते. मी तिथेच यंत्रांच्या देखभालीला. सगळं हॉस्पिटल त्यांना अंकल म्हणायचं, मीही म्हणायचो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले होते. "चौथ्यांदा सरकारला त्रास नको म्हटलं," असं सांगायचे. त्यामुळे नऊ वर्षं दर शुक्रवारी त्यांना मैदानावर नेण्याचं काम माझ्याकडे होतं. चर्चमधली शुक्रवारची सकाळची मिस्सा चुकवून ते संध्याकाळच्या मिस्सेला जायचे आणि फादरना कारण सांगताना थोडे लाजायचे.

स्वतः ते गावच्या संघातून ऑफस्पिन टाकत. "मला बघायला कधी कोणी आलं नाही. आणि आलं असतं तरी बघण्यासारखं काही नव्हतं," म्हणायचे. इथे मात्र वेगवान गोलंदाज शोधायचा हे त्यांनी मनावर घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. सिमेंटच्या पट्टीवर काथ्याचं मॅटिंग ताणलेलं, भोवती वाळू, आणि हे डोळे मिटून बसलेले. निकाल दोनच. "मफी," म्हणजे काही नाही. आणि क्वचित, "इंशाल्ला." नऊ वर्षांत पाच जणांना इंशाल्ला मिळालं. पाचही जण बारावी करून कॅनडाला नाहीतर कॉम्प्युटरला गेले. त्याचा त्यांना राग नव्हता. पुढच्या शुक्रवारी खुर्ची घेऊन पुन्हा तयार.

सई आम्हांला योगायोगानं दिसली. मुलांचा सामना उशिरा सुरू होणार होता, म्हणून आधीचा मुलींचा सामना बघत बसलो. एक उंच मुलगी धावत आली. पाय पडला आणि अंकलनी डोळे उघडले.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मुलगी आहे," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं. कोण आहे?"

त्या दिवशी ते मफी म्हणाले नाहीत, इंशाल्लाही म्हणाले नाहीत. परतताना सनद आल्यावर म्हणाले, "देवानं मला इतक्या उशिरा का दाखवली?"

सईचं घर रिफाला. वडील पुण्याचे, एका बँकेत. इंटरव्ह्यूला घालतात तसा कडक इस्त्रीचा शर्ट घालून अंकल त्यांच्याकडे गेले. मी सोबत. वडील सभ्य माणूस होते, पण त्यांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं.

"अहो, क्रिकेटमध्ये मुलीचं भविष्य काय? तेही इथे?"

"इथे काही नाही," अंकल म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे आलोय."

चार वेळा गेलो. चौथ्यांदा सईच्या आईनं पोह्यांच्या बश्या पुढे करता करता नवऱ्याला म्हटलं, "एवढं म्हणतायत तर बघू या ना." मग दोन वर्षं दर शुक्रवारी ती आणि अंकल. हे मराठीत सांगायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "खांदा नको पाडूस." "ओके, अंकल." "आणि घाई नको." "ओके, अंकल." तिच्या बुटांच्या तळव्यांची झीज ते हातात घेऊन बघायचे, जशी हॉस्पिटलात फिल्म उजेडासमोर धरून बघायचे तशी. मुंबईच्या एका अकादमीला त्यांनी तिचे कितीतरी व्हिडिओ पाठवले. उत्तर येत नसे. हे पुन्हा पाठवत. शेवटी कळलं, तिथले दोन प्रशिक्षक फेब्रुवारीत दुबईला येणार आहेत आणि एक दिवस बहरीनला थांबायला तयार आहेत. पसंत पडली तर सई मुंबईला राहून खेळणार होती.

त्याआधी जानेवारीतली एक सकाळ. सराव चालला होता. सई धावत आली, पाय पडला आणि अंकलनी डोळे उघडले. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. मॅटिंग सैल आहे."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतः वाळूत गुडघे टेकून मॅटिंगचे खिळे ठोकले. नंतर बसले, पण सईच्या शेवटच्या षटकात डोळे उघडेच होते. करक चहा आणून दिला तो त्यांच्या हातात गार झाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच. मला दिसायचं ते एवढंच की मुलगी सुरेख टाकते आहे. तुम्हांलाही तेवढंच दिसलं असतं.

प्रशिक्षक शनिवारी आले. रिफाच्या मैदानावर सईनं सहा षटकं टाकली. त्यातला एक प्रशिक्षक सारखा मान हलवत होता. मग म्हणाला, "अजून दोन टाकेल का?" त्यानं सईकडे बघितलं होतं, पण उत्तर अंकलनी दिलं. "टाकेल ना."

शेवटच्या चेंडूनं मधली दांडी उडाली. सई मॅटिंगवर खाली बसली. दमली असेल असं वाटून आम्ही टाळ्या वाजवल्या. ती उठेना, तेव्हा तिची आई धावली.

एक्स-रे आमच्या हॉस्पिटलात अंकलनीच काढला. त्या दिवशी त्यांची ड्यूटी नव्हती. काचेमागे मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पडद्यावर पाठीचा कणा आला. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग खालच्या एका मणक्यावर बोट ठेवलं.

"जुनी आहे."

"काय?"

"चीर. कडा बघ. आजची नाही ही." मग म्हणाले, "मला तीन आठवडे ऐकू येत होतं. पाय उशिरा पडत होता. अंग राखत होती ती."

"मग बोलला का नाहीत?"

"ते येणार होते ना," ते म्हणाले.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मोडलेल्या हाडांकडे न डगमगता बघणारा माणूस, पण त्या दिवशी डॉक्टरांना फोन लावायला त्यांचा हात उठेना. मी लावला.

चीर दोन्ही बाजूंनी होती आणि मणका सरकला होता. ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले. ती चालेल, शिकेल, सगळं करील, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोलंदाजीचं कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी ते सांगितलंही नाही.

अंकलना काय ऐकू आलं होतं, हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, "आता राहू दे. सांगून तिची पाठ बरी होणार आहे का?" ते म्हणाले, "नाही होणार." आणि मला गाडी रिफाकडे घ्यायला लावली.

सई पलंगावर पट्टा बांधून पडली होती. आईनं चहा आणला. वडील खुर्चीत होते. अंकल उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. पहिला शुक्रवार, दुसरा, तिसरा. आवाज कसा बदलला होता ते. आपण मॅटिंगचं नाव पुढे केलं ते. आणि "टाकेल ना" म्हणालो तेही. एकदाही माफी मागितली नाही. मागण्याचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटत नसावं.

दोन वर्षं त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारी ती मुलगी पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"तुम्हांला माहीत होतं?"

ते "हो" म्हणाले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आईनं न प्यायलेले कप उचलले. वडील दारापर्यंत सोडायला आले आणि अगदी हळू म्हणाले, "आता येत जाऊ नका." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला जिना उतरताना वाटलं.

त्यानंतर अंकल मैदानावर आले नाहीत. मी दोनतीन शुक्रवार त्यांच्या घराखाली जाऊन फोन केला. "आज नको," म्हणायचे. कामावर यायचे, पेशंटला हात धरून टेबलावर निजवायचे, निघून जायचे. करार संपला तेव्हा हॉस्पिटलनं वाढवून देऊ म्हटलं. त्यांनी "खलास" म्हटलं आणि व्हिसा रद्द करायला दिला. निरोपाच्या जेवणाला सगळे जमले. फक्त तेच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं की आदल्या सकाळीच विमानात बसले होते.

वर्षभरानं सईचा मला मेसेज आला. ती पुण्याला कॉलेजात होती. अंकलचा नंबर बंद आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचवाल का, एवढं विचारून खाली त्यांच्यासाठी लिहिलं होतं. मी वाचायला नको होतं, पण वाचलं. तिनं लिहिलं होतं: मलाही माहीत होतं. डिसेंबरपासून दुखत होतं. आईला सांगितलं नाही, तुम्हांलाही नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं असं वाटलं. तुमच्या एकट्याचं नव्हतं ते.

आमच्या हॉस्पिटलातली एक नर्स त्यांच्याच गावची. ती रजेवर जाताना मी तिच्या फोनवर तो मेसेज पाठवला आणि तिनं तो त्यांना दाखवला. परत आल्यावर मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "अंकलनी चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला. मग सदऱ्याच्या टोकानं फोन पुसून मला परत दिला. म्हणाले, पोर चांगली आहे, माझ्यासाठी खोटं लिहिलंय तिनं."

"आणि?"

"आणि काही नाही. आत जाऊन पडले."

अंकलनी मेसेज वाचला, एवढं मी सईला कळवलं. तिनं लगेच विचारलं, काय म्हणाले? त्याला आता चार महिने झाले. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.