मधलं बटण बसलं तेव्हा

मंडळी, आज सगळं बदललं ते मधलं बटण फोममध्ये खोल रुतून बसलं, त्या क्षणी. आत्ता मेधाच्या घरी जाताना वाटेत कोपरखैरण्याच्या सायबर कॅफेत थांबून, गादी मांडीवर घेऊन हे टाइप करतोय. लोक बघतायत, बघू देत.

मेधाशी लग्न करायचंय, पण तिने अट घातली होती, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस. आता एक तरी काम पुरं करून दाखव, मग आमच्या घरी बोलायला ये." म्हणून बटणं ओढून खळगे पाडलेली, भारी सोफ्याला असते तशी बसायची छोटी गादी घरीच करायला घेतली.

आधी रागारागात पहिल्याच बटणाचा दोरा गच्च आवळून गाठ मारली. पुढच्या बटणांना कापडच पुरेना. जोर लावला तर टर्रकन फाटलं. बाबा पेपरामागून म्हणाले, "हीपण अर्धीच सोडणार काय रे, कॉलेजसारखी?"

आज डोकं थंड ठेवलं. नवं कापड, मधून सुरुवात. सगळी बटणं आधी सैल बांधली, मग एकेक दोरा थोडा थोडा ओढत गेलो. घड्या अशा पडल्या की मीच बघत बसलो! एवढ्याशा कामाने तुमचा कधी इतका ऊर भरून आलाय का?

बाबांनी गादीवर बसून बघितलं. "बटणं सरळ रेषेत आहेत," म्हणाले. आमच्या घरात ही शाबासकीच. "निघालास कुठे ही घेऊन?"

"मेधाच्या घरी. तिच्या बाबांशी बोलायला."

एरवी मी निघालो की दार आपटल्याचा आवाज तळमजल्यापर्यंत जातो. आज गादी काखेत मारली, बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.