टेकडीवरच्या वस्तीची टाकी

त्या दुष्काळात आमच्या गावच्या सहकारी सोसायटीने लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक घेतला. चारही चाकांना जोर मिळणारा. गाव वडवणीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. वर माळावर मेंढपाळांची अकरा घरं होती आणि तिथला आड आटला होता. सरकारी टँकर गावापर्यंत येई. पुढची बैलगाडीची वाट त्याला चढवत नसे. वस्तीवर ज्यांचा शब्द चाले त्या म्हाताऱ्या मावशींनी सोसायटीत येऊन सांगितलं, "बाजाराच्या दिवसापत्तुर पाणी आलं तर आलं. न्हाई तर समदी जनावरं बाजारात नेऊन उभी करतो." बाजाराला आठ दिवस होते.

ट्रक तयार करायचं काम माझ्या मामाकडे आलं, कारण शेतात वर्कशॉप असलेला तो एकटाच: पत्र्याची शेड, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, साखळीची पुली आणि गाडीखाली उभं राहता येईल असा खड्डा. मी तेव्हा बीडच्या एका दैनिकात बातमीदार होतो. दुष्काळाच्या बातम्यांसाठी आलो होतो आणि मामाकडेच उतरलो होतो.

मामाने पहिली चूक हौसेने केली. वाट खडकाळ, म्हणून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पोलादी पाटे घातले आणि मोठे टायर चढवले. पाणी आपसूक वस्तीवरच्या हौदात पडावं म्हणून टाकी ओंडक्यांवर उंच बसवली. ट्रक रुबाबदार दिसू लागला. गाव बघायला आलं.

दुसरी चूक कुणाला चूक वाटलीच नाही. वाटेत खालची वस्ती लागते. पाण्याची गाडी घागरींच्या रांगेसमोरून तशीच पुढे न्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. मामाने निम्मी टाकी तिथे दिली आणि आम्ही चढाला लागलो.

वाट जिथे तिरकी होते तिथे टाकीतलं पाणी एका अंगाला धावलं आणि वरच्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं. मामाचा पाय ब्रेकवर होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "वरच्या बाजूनं उतर. कॉक उघड." मी उघडला. उरलेलं पाणी खडकावर वाहून गेलं तेव्हा चाक खाली टेकलं. माळावरचा एक मेंढपाळ मेंढ्या हाकत पळत आला. खडकाच्या खळग्यांत साचलं तेवढं त्या प्यायल्या.

मागोमाग मावशी आल्या. त्यांनी ओला खडक पाहिला, टाकी पाहिली. "अर्धी घागर घिऊन चढताना आमी तिच्यात पळसाचं पान टाकतो, म्हंजी पाणी हिंदळत न्हाई. तुमी येवढी मोठी घागर उघडीच आणली कावून?"

मामा दुसऱ्या दिवशी माजलगावच्या बाजूला गेला. तिथल्या एका सहकारी साखर कारखान्यात त्याच्या ओळखीचा फिटर होता. ऊस नसल्याने गाळप बंद होतं, माणूस बसून होता. पान्यांची पेटी घेऊन तो एसटीने आला आणि ट्रकभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काय बे, ट्रक केलाय का नवरदेवाचा घोडा?"

"वाट खडकाळ हाय."

"म्हणून डोक्यावर हंडा घिऊन टाचा उचलून चालतो व्हय? टाकी खाली घे आधी."

त्या तीन दिवसांत त्याने जे शिकवलं ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. जॅक उचलण्यापुरता, गाडीखाली शिरण्याआधी तिचं वजन लाकडी ठोकळ्यांवर द्यायचं. जादा पाट्यांनी ट्रक उंच होतो, स्थिर होत नाही. ते त्याने काढले. टाकी चौकटीला टेकवून बसवली. पाणी उतरवायला पंप लावला. टाकीत भोकं पाडलेले उभे-आडवे पत्रे जोडले, म्हणजे पाणी एकदम धावत नाही. आत वेल्डिंग करताना धूर कोंडतो, म्हणून दर थोड्या वेळाने बाहेर यायचं आणि झाकणापाशी एक माणूस बसवायचा. तो माणूस मी होतो.

"पत्र्यांनी हिंदळणं कमी व्हतं, जात न्हाई," तो शेवटी म्हणाला. "त्या चढाला टाकी भरलेलीच पायजे. वाटेत येक घागर न्हाई द्यायची."

हे खालच्या वस्तीला सांगायला सोसायटीचे लोक गेले. भरली टाकी आधी वर, मग दुसरी फेरी खाली. बायकांनी ऐकून घेतलं. हो कुणी म्हणालं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी ट्रक निघाला. खालच्या वस्तीवर घागरी रांगेत होत्या. मामाने वेग कमी केला; थांबणार की काय असं मला वाटलं. तेवढ्यात एक बाई ओरडली, "ओ दादा, थांबू नगा! आमी हाव हितंच. आमाला धूर द्या आन् त्यास्नी पाणी!" सगळ्या हसल्या आणि घागरी मागे ओढून त्यांनी वाट दिली. माझ्या नोकरीत मी पुष्कळ ठराव एकमताने मंजूर झालेले पाहिले. असा एकच.

तिरक्या जागी ट्रक पहिल्या गिअरमध्ये हळू गेला. चाकं जमिनीवर राहिली. वर हौद भरायला तासभर लागला. आमच्याबरोबर आलेला फिटर ट्रकखाली वाकून पाटे तपासत होता. मावशींनी त्याला बाहेर बोलावून हातात शेळीच्या दुधाचा चहा दिला. मामाने विचारलं, "मग उद्या बाजार?"

"जाणार की," मावशी म्हणाल्या. "मीठ संपलंय."