हळद आणि ओला कापूस

मार्चमध्ये आमच्या काउंटीच्या आरोग्य मंडळाने नवजात बाळांना तपासायला घरी येणाऱ्या नर्सची सेवा बंद केली. मे महिन्यात मी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले, जूनमध्ये आरोग्य अधिकाऱ्यांना. उत्तर एकाचेही नाही. मी या दोघांनाच जबाबदार धरतो.

काल शेजारच्या अमेयच्या स्वयंपाकघरात हळद-बेसनाचा वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीची आमची थंडगार खोली आठवली. तेव्हा घरी येणाऱ्या नर्स मिस हार्पर निवृत्तीला आलेल्या होत्या; दोन महायुद्धांच्या मधल्या काळात याच वस्तीचे जिने चढत त्या नर्स म्हणून घडल्या. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बॅग ठेवली, हात धुतले आणि आमच्या चार दिवसांच्या मुलीला खिडकीपाशी नेले.

"पिवळी दिसते."

"हळद लावलीय हो तिला," माझी पत्नी हसून म्हणाली.

त्यांनी ओल्या कापसाने कपाळ पुसले. कापूस पिवळा झाला, पण कपाळही पिवळेच राहिले.

"ही धुऊन जाणारी हळद नाही, बाई. कोट घाला, हॉस्पिटलला निघा."

तेव्हा मला त्या आगाऊ वाटल्या होत्या. ती मुलगी आज पन्नाशीची आहे.

सेवा बंद झाल्यावर जन्मलेल्या अमेयच्या बाळाकडे मात्र कोणीच आले नाही. बाळाचा पिवळेपणा घरच्यांनाही हळदीचाच वाटला. कावीळ उशिरा कळली, तोवर ती मेंदूपर्यंत पोचली होती आणि आता बाळाला ऐकू येत नाही.

अध्यक्षमहाशय, पुढच्या खुल्या सभेत उभे राहून सांगा: या वस्तीतल्या बाळांना खिडकीपाशी आता कोण नेणार?