म्याव

तिचा आवाज मुळातच बारीक. बदली होऊन या वॉर्डात आली त्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरने तिला 'मनी' म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून ती चहाच्या खोलीत शिरली की कुणीतरी हळूच म्याव करायचं. आधी तीही हसली. मग तिच्या सुट्ट्या परस्पर रद्द व्हायला लागल्या. राउंडला इन्चार्ज सिस्टर डॉक्टरांना साखर पेरल्या आवाजात सांगायची, "हिला सगळं दोनदा सांगावं लागतं, सर."

"दुर्लक्ष कर गं," नवरा म्हणायचा. दुर्लक्ष करता करता तिची अन्नावरची वासनाच उडाली.

एका दुपारी कंबरेचं हाड मोडलेल्या आजींना जुलाब झाले. चादर, गाऊन, सगळं भरलं. एकटीनं त्यांना कुशीवर वळवणं धोक्याचं होतं. तिनं चहाच्या खोलीत डोकावून विचारलं, "कुणी हात लावायला येता का? आजींना वळवायचंय."

बिस्किटं खाणाऱ्यांपैकी एकीनं म्याव केलं, दुसरीनं सूर धरला. इन्चार्ज कपावरची नजरही न काढता म्हणाली, "मांजर स्वतःच झाकते की घाण."

हशा वॉर्डभर ऐकू गेला. ती परतली तेव्हा आजी तोंडावर हात धरून रडत होत्या.

"मला हसतायत ना गं त्या?"

"नाही हो आजी. मला हसतायत."

तिला उभ्या नोकरीत मलमूत्राची कधी शिसारी आली नव्हती. ती आज आली, त्या बिस्किटं चघळणाऱ्या तोंडांची. शेवटी सफाईवाल्या मावशी फडकं टाकून धावल्या आणि दोघींनी आजींना पुसून कोरडं केलं.

ती थेट मेट्रनकडे गेली. मावशींनीही साक्ष दिली. चौकशीत सगळ्याजणी डोळे पुसत म्हणाल्या, "आम्ही लाडानं म्हणायचो हो." निकाल लागला. मावशींना कपडे धुण्याच्या विभागात पाठवलं, तिला "तुमच्याच सोयीसाठी" दुसऱ्या वॉर्डात. आणि नव्या नर्सना शिकवण्याचं काम इन्चार्जकडे आलं.

नंतर एकदा लिफ्टमध्ये इन्चार्जनं तिचं कोपर प्रेमानं दाबलं. "राग नाही ना गं? आपण सगळ्या बहिणीच."

"आहे," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेतला.

वॉर्डात पोचताच तिनं नळ सोडला आणि कोपर साबणानं घासत राहिली, कातडी लाल होईपर्यंत.