इब्राहीमभाईंचा वॉर्डातला टीव्ही

पेणच्या बाजारात सुकी मासळी घेत उभा होतो. रोह्याचा एक ओळखीचा टेम्पोवाला थांबला आणि म्हणाला, "इब्राहीमभाई गेले, कळलं ना तुम्हाला?" कळलं नव्हतं. आदल्या शुक्रवारी त्यांचं दफनही होऊन गेलं होतं. मी तेव्हा मुलीकडे कोल्हापूरला होतो. ज्या माणसाशेजारी महिनोन्‌महिने पडून काढले, त्याच्या मातीला मी नव्हतो...

त्या वेळी मी पंचविशीतला. डोलवीला कंत्राटावर कामाला होतो. शिफ्ट सुटल्यावर घरी येताना मोटारसायकल घसरली आणि उजव्या पायाचा चुरा झाला. पेणच्या एका इस्पितळात जनरल वॉर्डात पाय वर टांगून, त्याला वजनं लावून मला उताणं निजवलं. डॉक्टर आईला म्हणाले, "पाय राहील की काढावा लागेल, आत्ता सांगता येत नाही." मी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून बोलणंच टाकलं. आई डबा घेऊन यायची, माझ्याकडे बघत बसायची आणि भरला डबा परत न्यायची.

शेजारच्या खाटेवर इब्राहीमभाई. रोह्याजवळच्या वरशाचे. आखातात बरीच वर्षं स्वयंपाकी होते, परत येऊन भातशेती बघत होते. कौलं चाळताना छपरावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. तेही माझ्यासारखेच टांगलेले, पण तोंड अखंड चालू. स्पेशल खोल्यांत टीव्ही होते, त्यांचं रोजचं भाडं वेगळं. बाहेरून भाड्याने आणून देणारा एक जण होता. त्याचा दर ऐकून भाईंनी पडल्यापडल्या हात जोडले आणि भाभींना म्हणाले, "अगो, घरी डबा पडलाय आपला, तोच उचलून आण."

दुसऱ्या दिवशी भाभी एसटीने आल्या त्या चादरीत बांधलेला छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मांडीवर घेऊन. सिस्टरांनी आधी नाही म्हटलं, मग डॉक्टरांना विचारून आल्या. राउंडच्या वेळी बंद आणि आवाज बारीक, एवढ्या अटीवर परवानगी मिळाली. पण वॉर्डातला चालू प्लग नेमका आमच्या उशांमागच्या भिंतीला. टीव्ही तिथे ठेवला. साऱ्या वॉर्डाला तो दिसू लागला, फक्त आम्हा दोघांना नाही! भाभींनी पुढच्या खेपेला घरचा आरसा आणला आणि माझ्या पायथ्याच्या लोखंडी दांडीला सुतळीने बांधला. "आधी तुमच्याकडे बांधू देत," आई म्हणाली. भाई म्हणाले, "नाय वो, त्याच्याकडेच ऱ्हाऊ द्या. मला तो सांगेल."

मी आरशावरून तोंड फिरवलं. पण टीव्हीवर मॅच लागली, वॉर्ड ओरडायला लागला आणि भाईंनी तगादाच लावला. "काय झाला रे? आऊट काय? सांग ना, बाबा." शेवटी वैतागून मी म्हणालो, "चौकार." कित्येक दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला. मग रोजच सांगू लागलो. आरशात सगळं उलटं. उजव्या हाताचे फलंदाज डावरे, बातम्यांची अक्षरं पाठमोरी. भाई खदखदून हसायचे. मी जेवू लागलो होतो, हे माझ्या आधी आईच्या लक्षात आलं.

एकदा सांगण्याच्या भरात मी षटकार म्हणालो. भाई पटकन बोलून गेले, "षटकार कुठला? टप्पा पडला की आत." मी मान वळवून त्यांच्या नजरेच्या रोखाने बघितलं. त्यांच्या समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत त्यांना पहिल्या दिवसापासून टीव्ही दिसत होता.

"मग मला कशाला सांगायला लावलंत?"

"तुझी आई जिन्यात रडत होती, आमच्या हिनं बघितलं. तू बोलायला पायजे होतास." एवढं बोलून ते पुन्हा काचेकडे बघू लागले.

माझा पाय वाचला. थोडा आखूड राहिला, तेवढंच. भाई माझ्याआधी घरी गेले, पण टीव्ही तिथेच ठेवून गेले. पुढे माझ्या लग्नात त्यांनी स्वतः बिर्याणी रांधली. ईदला मी वरशाला जायचो, गणपतीला ते काठी टेकत यायचे. शेवटची काही वर्षं मधुमेहाने त्यांची नजर पार गेली. मग मॅच असली की मी फोनवरून त्यांना सांगायचो, तासतासभर. तिकडून फक्त "हां... हां... मग?"

परवा वरशाला जाऊन आलो. भाभी एकट्याच होत्या. भिंतीवर मुलाने पाठवलेला मोठा टीव्ही चालू होता, मॅचच लागली होती. भाभींना क्रिकेटमधलं काही कळत नाही. म्हटलं, बंद करू का? त्या नको म्हणाल्या. या वेळी घरात हा आवाज असायचा, म्हणून त्या लावून ठेवतात.

चहा झाला. उठायचं माझ्या जिवावर आलं होतं. भाभींनी भाईंच्या खाटेवरची चादर सारखी केली, माझ्यासाठी जागा केली आणि स्वतः खाली चटईवर बसल्या.

"बसा भाई," त्या म्हणाल्या. "काय चाललाय ता सांगा मला."

मी सांगायला लागलो.