हाडंवाली बाई आणि रखडलेली नोंदणी

फिजिओथेरपी शिकवणाऱ्या त्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे ‘हाडंवाली बाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आवडायचंही. उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या कॉलेजात घालवल्यावर त्यांनी स्वतःचं कॉलेज काढायचं मनावर घेतलं. फर्निचरच्या दुकानावरचे दोन मजले भाड्यानं घेतले, व्यायामाचे पलंग आणि मोठे आरसे आणले, आणि उच्चशिक्षण संस्थांची नोंदणी करणाऱ्या मंडळाकडे अर्ज केला. नोंदणीशिवाय पदवीचे वर्ग घ्यायला बंदी होती.

“सहा महिने धरून चाला,” तिथला अधिकारी म्हणाला.

सहा महिने कधीच उलटून गेले. आधी ग्रंथालय लहान ठरलं. ते मोठं करेपर्यंत अधिकारी बदलला, आणि नव्याला सगळं पहिल्यापासून समजून घ्यायचं होतं. फोन केला की एकच उत्तर, “प्रक्रियेत आहे.” घरी जेवायला उशीर झाला की नवरा म्हणायचा, “भाजी प्रक्रियेत आहे वाटतं!” सुरुवातीला बाईही हसायच्या. पुढे त्यानंच ती थट्टा बंद केली.

दुसऱ्या वर्षी बाईंचा धीर सुटला. नोंदणी आज ना उद्या होणारच, या भरवशावर त्यांनी गाजावाजा न करता वर्ग सुरू केला. मुलं-मुली मोजकीच, आणि त्यांत त्यांची सख्खी भाची. दुसऱ्या कॉलेजातली हक्काची जागा सोडून ती आली होती.

“नक्की ना गं?” बहिणीनं विचारलं होतं.

“अगं, माझ्यावर सोड.”

अखेर मंडळाच्या तपासणीचा दिवस ठरला. बाईंनी मुलांना त्या दिवशी सुट्टी दिली, कारण मात्र सांगितलं नाही. भाची घरातलीच, म्हणून तिला खरं काय ते कळलं होतं. पण वर्गातल्या फळ्यावरचा धडा पुसायचा राहिलाय, हे सकाळी तिच्या ध्यानात आलं आणि ती धावत आली. ती फळा पुसत असतानाच बाईंबरोबर मंडळाचे तपासणीस आत आले.

“या कोण?”

भाचीनं एकवार मावशीकडे पाहिलं.

“मी इथं साफसफाईला येते, सर.”

“बरं झालं. एवढा कप विसळून द्याल?” ते सहज बोलले. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं.

भाचीनं कप घेतला. मोरीत पाण्याचा आवाज आला. बाई पलंगांची मापं सांगत राहिल्या.

त्या दिवसानंतर त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी त्या स्वतः मंडळात गेल्या आणि तपासणीसांसमोर उभं राहून म्हणाल्या, “ती मुलगी माझी भाची. विद्यार्थिनी आहे. वर्ग मी आधीच सुरू केलेत.”

तपासणीसांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मॅडम, उशीर आमच्याकडून झालाच,” ते म्हणाले, “माणसं कमी, अर्ज ढीगभर. पण आता मला तुमचा अर्ज पुन्हा रांगेत शेवटी लावावा लागेल.”

“लावा,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मुलांना आणि पालकांना बोलावून सगळं सांगितलं. एक बाप ताडकन उठून निघून गेला. बहीण मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या कॉलेजांचे उंबरे झिजवून बाईंनी सगळ्यांना प्रवेश मिळवून दिले, पण प्रत्येकाला पहिलं वर्ष नव्यानं करावं लागलं.

नोंदणी झाली तेव्हा भाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पास झाल्यावर बाई बहिणीकडे गेल्या. बहिणीनं चहा केला, हवापाण्याचं बोलली, कॉलेजचा विषय काढला नाही.

निघताना बाई दारात भाचीला म्हणाल्या, “माझ्याकडे शिकवायला येशील?”

“मावशी, राग नाही गं माझा,” भाची म्हणाली. “पण तिथं नको.”

“बरं,” बाई म्हणाल्या. चप्पल घालताना त्यांना पट्टा काही केल्या लागेना. भाचीनंच वाकून तो लावून दिला.