जरा उचलून ढकला

आमचं पुढचं दार खाली फरशीला घासतं, म्हणून ते जरा उचलून ढकलावं लागतं. नवा माणूस तिथेच अडतो आणि आतून आम्ही ओरडून सांगतो, "उचलून ढकला."

काल घरांचा एजंट चौथ्यांदा आला आणि कोणी न सांगता दार उचलून आत शिरला. मला राग यावा की कौतुक वाटावं, कळेना.

"काका, भाव आहे तोवर विकून टाका," तो म्हणाला.

"विकून जायचं कुठे? तिकडेही भाव हेच," बायको चहा ठेवत म्हणाली. "त्यापेक्षा वर एक मजला चढवू."

सकाळी मला त्याचं पटतं, दुपारी तिचं. संध्याकाळी झोपाळ्यावर बसलो की वाटतं, आहे ते काय वाईट आहे.

या घोळात दाराचंही राहून गेलंय. सुतार दोनदा विचारून गेला, "खालून रंधा मारून देऊ का?" विकायचं असेल तर कशाला मारायचा? बांधायचं असेल तर हे दार निघणारच. आणि राहायचं असेल तर हाताला सवय आहेच की.

एजंटला फाटकापर्यंत सोडून परत फिरलो. डोक्यात तेच तीन रस्ते. लोटलेलं दार ढकललं, तर ते फरशीवर अडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे? जरा उचलून ढकला."